टिपेचा सूर : श्वास, स्वरतंतू आणि अनुनाद यांचा मेळ

गायनात टिपेच्या सुराला दुहेरी मान आहे. मैफलीत किंवा रंगमंचावर श्रोत्यांची दाद बहुधा तिथेच येते आणि गायकाच्या कंठाची परीक्षाही तिथेच होते. मात्र हा सूर नेमका कशाने उंच होतो, त्याला भरीवपणा कुठून येतो आणि कोणत्या मर्यादेपुढे तो कंठाला इजा करू लागतो, या तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे परंपरेने बहुतेक वेळा ‘जोर’ या एकाच शब्दात गुंडाळलेली आढळतात. गेल्या पावणेदोनशे वर्षांत स्वरयंत्राचे प्रत्यक्ष निरीक्षण, ध्वनिशास्त्राची मोजमापे आणि निरनिराळ्या गायनशैलींचा तौलनिक अभ्यास यांमुळे हे तिन्ही प्रश्न सुटे करून पाहणे शक्य झाले आहे. त्या साऱ्या विचाराचा आढावा घेताना तारसप्तकातील हिंदुस्थानी गायन आणि मराठी रंगभूमीची परंपरा नजरेसमोर ठेवली, तर या शास्त्राचा इथल्या कंठांशी असलेला संबंधही स्पष्ट होतो.

छातीपासून डोक्यापर्यंत : जुन्या कल्पना

देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकातील ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात नादाची तीन स्थाने सांगितली आहेत : मंद्राचे हृदय, मध्याचे कंठ आणि ताराचे मूर्धा, म्हणजे मस्तक, यांतील प्रत्येक स्थान आधीच्यापेक्षा दुपटीने उंच. पाश्चात्त्य गायनशिक्षणातही ‘छातीचा आवाज’ आणि ‘डोक्यातला आवाज’ ही विभागणी शतकानुशतके चालत आली. दोन्ही परंपरांनी गायकाला होणारी जाणीव अचूक टिपली आहे, कारण खालचे स्वर गाताना छातीच्या हाडांना आणि वरचे स्वर गाताना कपाळ, नाक व टाळूच्या भागाला थरथर जाणवतेच. परंतु ही थरथर नादाचा परिणाम आहे, त्याचे उगमस्थान नव्हे. श्रोत्याला ऐकू येणाऱ्या आवाजात छातीच्या किंवा कवटीच्या पोकळ्यांचा वाटा नगण्य असतो. म्हणूनच ‘सूर डोक्यात लाव’ ही सूचना जाणीव म्हणून उपयोगी पडते, पण तिचा शब्दशः अर्थ घेणारा विद्यार्थी मान ताणून सूर वर ढकलू लागतो.

युरोपात हा प्रश्न धसास लागला तो एका विशिष्ट सुरामुळे. १८३७ साली पॅरिसच्या ऑपेरात जिल्बेर द्युप्रे या गायकाने रोसिनीच्या ‘गियोम तेल’ या ऑपेरातील अत्युच्च ‘सी’ हा सूर तोवरच्या प्रथेप्रमाणे हलक्या, पातळ आवाजात न लावता भरदार छातीच्या आवाजात लावला. लियों येथील दिदे आणि पेत्रकें या दोन वैद्यांनी १८४० साली या नव्या ‘गडद’ आवाजावर निबंध लिहिला आणि त्यात स्वरयंत्र खाली स्थिर राहते हे नोंदवले. त्याच काळात मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने आवाजाच्या ‘रजिस्टर’ची, म्हणजे एकाच यंत्रणेने निर्माण होणाऱ्या सलग स्वरगटाची, व्याख्या मांडली आणि १८५४ मध्ये दंतवैद्याचा आरसा व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू गाताना पाहिले. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याची निरीक्षणे सादर झाली आणि कंठाविषयीच्या चर्चेला डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तुस्थितीचा आधार मिळाला.

स्वरतंतूंचे काम

स्वरतंतू हे नावाप्रमाणे तारा नसून स्वरयंत्रात समोरासमोर असलेल्या दोन मऊ घड्या आहेत. त्यांच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी प्रौढ पुरुषात सुमारे १६ आणि स्त्रीमध्ये सुमारे १० मिलिमीटर असते. त्या बंद असताना खालून फुफ्फुसातील हवेचा दाब वाढतो, घड्या उघडतात, हवेचा झोत निसटतो आणि स्नायूंची लवचीकता व हवेच्या प्रवाहाचा परिणाम यांमुळे त्या पुन्हा मिटतात. प्रत्येक कंपनासाठी मेंदूकडून वेगळा संदेश येतो, अशी एक उपपत्ती विसाव्या शतकाच्या मध्याला मांडली गेली होती. पण व्हान डेन बर्ग या डच संशोधकाने १९५८ साली स्नायू आणि हवा यांच्या संयुक्त कार्यावर आधारलेली उपपत्ती सुसूत्रपणे मांडली आणि आज तीच मूलतः स्वीकारली जाते. जपानचे मिनोरू हिरानो यांनी १९७० च्या दशकात त्यात मोलाची भर घातली : घडीचा आतला स्नायूचा गाभा आणि वरचे मऊ आवरण हे दोन थर वेगवेगळ्या प्रमाणात ताणले जाऊ शकतात, आणि आवाजाची जाडी किंवा पातळपणा या प्रमाणावर ठरतो.

सूर उंच होतो तो मुख्यतः घड्या लांब व ताठ झाल्याने, आणि हे काम स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूचा एक छोटा स्नायू दोन कूर्चांना एकमेकींकडे झुकवून करतो. याउलट घडीतला गाभ्याचा स्नायू आकुंचन पावला की घडी आखूड व जाड होते आणि आवाजाला वजन येते. मंद्रापासून तारेपर्यंत जाताना पहिल्या स्नायूचे काम वाढत जावे आणि दुसऱ्याचे हळूहळू कमी व्हावे, हा निरोगी कंठाचा स्वभाव आहे. जो गायक खालच्या स्वरांचे सारे वजन जसेच्या तसे वर नेऊ पाहतो, त्याच्या कंठात हे दोन स्नायू परस्परांविरुद्ध ओढू लागतात, मदतीला मानेचे आणि गिळण्याचे स्नायू धावून येतात, स्वरयंत्र हनुवटीखाली वर चढते आणि अखेरीस आवाज चिरका होतो किंवा फाटतो. वजन पूर्णपणे सोडून देणाऱ्याचा आवाज मात्र ‘खोट्या’ आवाजात घसरतो; घड्यांच्या केवळ कडा कंप पावतात, त्या पुरत्या मिटत नाहीत आणि सूर उंच असूनही पोकळ राहतो. टिपेचा भरीव सूर या दोन टोकांच्या मधल्या अरुंद वाटेवर असतो.

श्वासाचा दाब आणि त्याची मर्यादा

साध्या बोलण्यात स्वरतंतूंखालचा हवेचा दाब सुमारे ६ ते १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. मोठ्या आवाजात उंच स्वर लावताना तो २० ते ४० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. दाब दुप्पट केला की आवाजाची पातळी ढोबळमानाने ८ ते ९ डेसिबलने वाढते, म्हणजे जोराचा आवाजाशी संबंध आहे हे खरेच. प्रश्न असतो तो दाब सांभाळण्याचा. पूर्ण श्वास घेतल्यावर फुफ्फुसे आणि बरगड्या आपोआपच पूर्वस्थितीकडे परतू पाहतात आणि त्या परतीच्या ओढीने निर्माण होणारा दाब स्वराच्या सुरुवातीला हवा त्यापेक्षा जास्त ठरू शकतो. इटालियन परंपरेत ‘अपोज्जो’, म्हणजे आधार, या नावाने ओळखली जाणारी पद्धत बरगड्या लगेच कोसळू न देता श्वासाची परतीची ओढ रोखून धरण्यास शिकवते. हिंदुस्थानी संगीतात ‘दमसास’ हा शब्द याच गुणाचा निर्देश करतो. श्वास किती घेतला यापेक्षा तो किती संयमाने सोडला, याला त्यात महत्त्व आहे. पोट आत खेचून तारषड्जावर हवेचा धक्का देणाऱ्याला दाब मिळतो, पण स्वरतंतूंना तो थोपवण्यासाठी एकमेकांवर घट्ट आवळून घ्यावे लागते, आणि अशा दाबलेल्या आवाजात श्रम वाढूनही कानाला मिळणारे फळ कमी होते.

अनुनाद : मोफत मिळणारे बळ

स्वरतंतूंपाशी निर्माण होणाऱ्या नादात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांचे स्वर मिसळलेले असतात. त्यांना संनादी स्वर म्हणतात, आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हे त्यांचेच परिचित उदाहरण आहे. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी, जिची लांबी प्रौढ पुरुषात सुमारे १७ सेंटिमीटर असते, यांतील काही कंपनसंख्यांना उचलून धरते आणि काहींना दडपते. पोकळीच्या या आवडत्या कंपनसंख्यांना ‘फॉर्मंट’ म्हणतात. त्यांतील पहिले दोन मुख्यतः ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ असे स्वरवर्ण ठरवतात, तर वरचे आवाजाचा पोत ठरवतात. एखादा संनादी स्वर फॉर्मंटच्या जवळ आला की स्वरतंतूंवर जादा भार न पडता आवाज मोठा होतो. जिभेची ठेवण, जबड्याची उघडीप आणि ओठांचा आकार बदलून हा मेळ साधणे, हेच उंच स्वरांच्या तंत्राचे सार आहे.

चांगल्या पुरुष आवाजांत २८०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २८०० कंपनांच्या, आसपास विशेष तेज असते, हे अमेरिकेत बार्थोलोम्यू यांनी १९३४ सालीच दाखवले होते. स्वीडनचे योहान सुंदबर्ग यांनी १९७४ मध्ये त्याचे कारण मांडले : स्वरयंत्राच्या वरची अरुंद नळी तिच्या पुढच्या घशाच्या पोकळीच्या तुलनेत पुरेशी चिंचोळी, म्हणजे छेदाने साधारण एकषष्ठांश किंवा त्याहून लहान, राहिली तर तिसरा, चौथा आणि पाचवा फॉर्मंट एकत्र गोळा होतात आणि ३००० हर्ट्झच्या आसपास ध्वनीचा एक उंच कळस तयार होतो. वाद्यवृंदाची बहुतेक शक्ती याच्या खूप खाली, ५०० हर्ट्झच्या परिसरात असते आणि मानवी कान नेमका याच वरच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनक्षम असतो, त्यामुळे ध्वनिवर्धकाविना एकटा गायक शंभर वादकांच्या वर ऐकू येऊ शकतो. हिंदुस्थानी गायकांच्या परिभाषेत ‘जवारीदार आवाज’ हा जो गौरव आहे, तोही वरच्या संनादी स्वरांच्या अशाच तेजाचा गौरव मानता येतो. तंबोऱ्याची जवारी तारेचा ताण न वाढवता हेच काम करते.

पट्टी आणि आकार यांचे गणित

कोणता स्वरवर्ण कोणत्या उंचीवर सुखाने लागतो, याचे उत्तर मोजमापातून मिळते. अमेरिकेत १९५२ साली पीटरसन आणि बार्नी यांनी प्रसिद्ध केलेल्या मापनांत ‘आ’चा पहिला फॉर्मंट पुरुषांमध्ये सरासरी ७३० आणि स्त्रियांमध्ये ८५० हर्ट्झ, तर ‘ई’चा अनुक्रमे २७० आणि ३१० हर्ट्झ आढळला. काळी एक हा षड्ज धरून गाणाऱ्या पुरुषाचा तारषड्ज सुमारे २७७ आणि तारमध्यम सुमारे ३७० हर्ट्झवर येतो. तारमध्यमाचा दुसरा संनादी स्वर ७४० हर्ट्झवर, म्हणजे ‘आ’च्या पहिल्या फॉर्मंटच्या अगदी शेजारी पडतो. काळी चार हा षड्ज असलेल्या स्त्रीचा तारषड्ज सुमारे ४१५ हर्ट्झवर असून त्याची दुप्पट ८३० होते आणि तीही स्त्रीच्या ‘आ’कारापाशीच पोचते. तारेतील खुल्या आकाराचे तेज एवढे सहज का भासते, याचे एक कारण या जुळणीत आहे.

याच स्त्रीने तारषड्जावर शुद्ध ‘ई’ लावला, तर मूळ स्वरच फॉर्मंटच्या वर गेलेला असतो. आवाज आक्रसतो, आणि तो मोठा करण्याच्या खटाटोपात गळा आवळला जातो. जाणते गायक अशा ठिकाणी ‘ई’ किंचित ‘ए’कडे झुकवतात. यामुळे शब्दांची थोडी हानी होते, पण स्वर आणि कंठ दोन्ही वाचतात. तारषड्जाच्या पुढे आकारालाही ही सवलत कायम मिळत नाही. दुसरा संनादी स्वर आणखी वर सरकतो, त्याला गाठण्यासाठी तोंड अधिक उघडावे लागते, आणि काळी चारच्या तारगंधार-मध्यमापाशी ही दुप्पट हजार हर्ट्झच्या पुढे गेल्यावर तोंडाची उघडीप तिचा पाठलाग करू शकत नाही. अनेक स्त्रीगायकांना नेमक्या याच परिसरात आवाजाचा पोत बदलावा लागतो, तो साधनेतील उणिवेमुळे नव्हे तर पोकळीच्या भूमितीमुळे.

सिडनी येथील जोलिवो, स्मिथ आणि वुल्फ यांनी २००४ साली ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की ऑपेरातील सोप्रानो गायिका आपल्या सर्वोच्च क्षेत्रात पहिला फॉर्मंट मूळ स्वराबरोबरच वर सरकवत नेतात. परिणामी वेगवेगळे स्वरवर्ण एकमेकांत मिसळून जातात आणि शब्द कळेनासे होतात. ऑपेरातील पुरुष गायक वेगळी वाट निवडतो : स्वरयंत्र खाली ठेवून, स्वरवर्ण गडद करून तो दुसऱ्या संनादी स्वराला पहिल्या फॉर्मंटच्या वर निसटू देतो आणि तेजासाठी ३००० हर्ट्झच्या कळसावर विसंबतो. द्युप्रेच्या गडद सुराचे मर्म आजच्या भाषेत असे सांगता येते.

शैलींचे वेगळेपण

ऑपेराची ही वाट श्रेष्ठ आणि बाकीच्या सदोष, असा समज बराच काळ होता. अमेरिकन संगीत नाटकातील ‘बेल्टिंग’, ज्याची कीर्ती १९३० साली ब्रॉडवेवर आलेल्या एथेल मर्मनच्या खणखणीत आवाजाने सर्वदूर झाली, हा कंठनाशाचा मार्ग समजला जाई. नंतरच्या अभ्यासांनी दाखवले की बेल्टिंगमध्ये स्वरयंत्र किंचित वर, तोंड रुंद उघडे आणि पहिला फॉर्मंट दुसऱ्या संनादी स्वराशी जुळलेला, अशी निराळी पण सुसंगत रचना असते. बल्गेरियातील स्त्रियांच्या लोकगायनातही अशीच रचना आढळते. तिच्यात स्वरतंतू प्रत्येक आवर्तनात अधिक काळ मिटलेले राहतात, त्यामुळे तिची किंमत जास्त असते, परंतु मर्यादेत राहून ती वर्षानुवर्षे पेलता येते.

मराठी संगीत रंगभूमीचे गायन याच व्यापक प्रश्नाचा भाग आहे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने सुरू झालेली ही परंपरा पहिली पाच दशके मुख्यतः ध्वनिवर्धकाविना चालली. ऑर्गन, सारंगी आणि तबल्याच्या साथीतून शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचे, शब्द स्पष्ट ठेवायचे आणि वन्समोअर आला की पुन्हा तेच पद गायचे, या तिहेरी गरजेतून उंच पट्टी आणि धारदार आवाज यांना महत्त्व आले. केशवराव भोसले आणि मास्टर दीनानाथ यांचे तारेतील आक्रमक गायन, तसेच बालगंधर्वांचे कोमल पण दूरवर पोचणारे गायन, ही एकाच गरजेची दोन उत्तरे होती. ख्याल गायनातही एकवाक्यता नाही. आग्रा घराण्याने ढाल्या, रुंद आवाजाला मान दिला, तर मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीने उंच, टोकदार आणि हळुवार सुराचा आदर्श उभा केला. खाँसाहेबांचा तारषड्ज पोचतो तो स्वराच्या एकाग्रतेमुळे. ढोलकीच्या कडकडाटावर गायली जाणारी लावणी आणि उघड्या मैदानात झीलकऱ्यांच्या साथीने गायला जाणारा पोवाडा यांची खुली, बोलीच्या जवळची फेक कानाला बेल्टिंगच्या कुळातली वाटते. त्यामुळे ऑपेराचे निकष लावून तिला दोष देणे जितके चूक, तितकेच तिच्यात इजेचा धोका नाहीच असे मानणेही चूक आहे.

इजा कशी होते

४१५ हर्ट्झचा तारषड्ज धरला असता स्वरतंतू एका मिनिटात सुमारे २५ हजार वेळा एकमेकांवर आदळतात. तारेतील वीस मिनिटांच्या गायनात ही संख्या पाच लाखांच्या घरात जाते. आघात जितका कठोर आणि आवाज जितका दाबलेला, तितका तंतूंच्या मऊ आवरणावर ताण अधिक. तो नेहमी पडत राहिला तर कंपनाच्या मध्यबिंदूपाशी, म्हणजे तंतूंच्या पुढच्या आणि मधल्या तृतीयांशाच्या सीमेवर, दोन्ही बाजूंना गाठी येतात. एकाच जोरकस प्रयत्नाने सूक्ष्म रक्तवाहिनी फुटून रक्तस्रावही होऊ शकतो. गाठींवर पहिला उपाय बहुधा आवाजाची शिस्त आणि वाचा-स्वरोपचार हाच असतो. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर येतो.

धोक्याच्या खुणा गायकाला स्वतःला ओळखता येतात. हळू लावलेले उंच स्वर उमटेनासे होणे, स्वर सुरू होण्याआधी हवा निसटणे, गाण्यानंतर घसा दुखणे आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही आवाज बसलेला राहणे, या त्यांतील प्रमुख खुणा आहेत. तीन-चार आठवड्यांत न सुटणारा घोगरेपणा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावा, आणि गाता गाता एकाएकी आवाज गेला तर गायन त्याच क्षणी थांबवून तातडीने तपासणी करून घ्यावी. लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची हालचाल संथ करून दाखवणारी स्ट्रोबोस्कोपी ही तपासणी अशा वेळी निर्णायक ठरते. प्यायलेले पाणी स्वरतंतूंना थेट स्पर्श करत नाही, ते अन्ननलिकेत जाते. म्हणून गाण्यापूर्वीच्या घोटापेक्षा दिवसभराचे पुरेसे पाणी उपयोगी पडते. बसलेल्या आवाजात जोर लावून कुजबुजणे ही विश्रांती ठरत नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवले आहे, आणि स्वतःचा आवाज नीट ऐकू न येणाऱ्या मंचावर गायकाचा गळा याच कारणाने बसतो.

साधनेच्या पद्धतींचे मोल

महाराष्ट्रात बी. आर. देवधर आणि त्यांच्यानंतर अशोक दा. रानडे यांनी आवाजसाधनेकडे स्वतंत्र शास्त्र म्हणून पाहण्याची दृष्टी दिली, आणि परंपरेतील प्रत्येक उपाय तपासून घेण्याची सवय तिथून सुरू होते. पहाटेची मंद्रसाधना, म्हणजे खर्ज भरणे, स्वरतंतूंना सैल व पूर्ण मिटण्याची सवय लावते, दमसास वाढवते आणि दिवसाच्या सुरुवातीला आघात कमी ठेवते. हे तिचे खरे गुण आहेत. परंतु खर्ज भरल्याने तार आपोआप तयार होते, ही समजूत टिकत नाही, कारण तारेतील ताणाचे काम वेगळ्या स्नायूचे आहे आणि त्याला वेगळा सराव लागतो. तो सराव कमी आवाजात, मध्यापासून तारेकडे सरकत जाणाऱ्या मिंडेने करणे अधिक सुरक्षित असते.

ओठ मिटून केलेले गुंजन, ओठांची फुरफुर आणि बारीक नळीतून केलेला नाद या व्यायामांत तोंडाचे द्वार अर्धवट बंद असते. अमेरिकन संशोधक इंगो टिट्झे यांनी २००६ साली त्यांचे शास्त्रीय समर्थन मांडले : पुढे अडलेल्या हवेचा उलटा दाब स्वरतंतूंना किंचित विलग ठेवतो, त्यामुळे कमी आघातात पुरेसा नाद निघतो. फिनलंडमध्ये पाण्यात बुडवलेल्या नळीतून असा सराव करून घेण्याची पद्धत त्याआधीपासून रुळली होती, आणि ‘म्’कारावर स्वर स्थिर करण्याची भारतीय पद्धतही याच तत्त्वावर उभी आहे. एकच स्वर हळू सुरू करून फुगवत नेणे आणि पुन्हा हळू करणे, हा इटालियन परंपरेतील ‘मेस्सा दी वोचे’ नावाचा व्यायाम मात्र आरंभीच्या विद्यार्थ्यासाठी नाही, कारण त्यात दाब, जाडी आणि अनुनाद ही तिन्ही अंगे क्षणोक्षणी जुळवावी लागतात; म्हणूनच तो तयारीची उत्तम कसोटी ठरतो.

या सर्व विचाराचा निष्कर्ष असा, की टिपेच्या सुराचे बळ श्वास, स्वरतंतू आणि पोकळी या तिघांत वाटले गेले पाहिजे आणि तिघांचा भार एकट्या गळ्यावर टाकला की इजेची सुरुवात होते. जो तारस्वर हळूही लावता येतो, तोच जोराने लावण्यास योग्य समजावा. जो केवळ मोठ्यानेच लागतो, तो अजून कमावलेला नाही. गुरूची पट्टी शिष्यावर लादण्याची आणि उंच काळी हे भूषण मानण्याची प्रथा या कसोटीपुढे टिकत नाही. गाणे शिकवणाऱ्यांनी पेटीवरची पट्टी ठरवताना शिष्याचा सर्वांत उंच सूर पाहण्याऐवजी त्याचा सर्वांत हळू लागणारा उंच सूर पाहावा आणि षड्ज त्यावरून निवडावा.